नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात एका दिवसाची सायकल फेरी : आधी चढ, मग वाइन

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्र, तिघांकडे हायब्रिड सायकली (सरळ हँडलच्या), एकाकडे रोड बाइक (वाकलेल्या हँडलची हलकी सायकल). रविवारी चाळीस-पन्नास किलोमीटर करायची सवय. जानेवारी-फेब्रुवारीत नाशिकहून निघून एका दिवसात डोंगर, द्राक्षबागा आणि दोन वाइनरी असं शंभरेक किलोमीटरचं वर्तुळ पूर्ण करायचं आहे. रस्ता कोणता घ्यावा, सायकलीची आणि खाण्यापिण्याची तयारी काय करावी, आणि मधे वाइन चाखली तर पुढे सायकल चालवता येते का?

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करायला हवी, कारण सगळ्या दिवसाची मांडणी त्यावर ठरते. वाइनचा एक पेला म्हणजे १५० मिली. १३ टक्क्यांच्या वाइनमध्ये त्यातून साधारण १५ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं, आणि यकृत तासाला जेमतेम ७ ते ८ ग्रॅम निस्तरतं. म्हणजे एका पेल्याला दोन तास. टेस्टिंगमध्ये ३० मिलीचे पाच नमुने दिले, तर बेरीज तेवढीच होते. ‘आम्ही फक्त चाखली’ असं म्हणणाऱ्याने एक पूर्ण पेला घेतलेला असतो, तोही बहुधा रिकाम्या पोटी आणि चार तास पेडल मारल्यानंतर. त्या वेळी शरीरातला साखरेचा साठा आधीच उतरलेला असतो. यकृत अल्कोहोलच्या मागे लागलं की नवी साखर तयार करण्याचं त्याचं काम मंदावतं. लघवी वाढते, पाणी कमी पडतं. परिणाम लगेच जाणवत नाही. अर्ध्या तासाने पुढच्या चढावर पाय रिकामे वाटतात, किंवा उतारावर खड्डा दिसतो पण ब्रेकवर बोटं उशिरा जातात. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची.

म्हणून मांडणी अशी ठेवा: महामार्ग पहाटे, डोंगर सकाळी, वाइनरी दुपारी, आणि वाइनरीपासून घरापर्यंतचं अंतर कमीत कमी. नाशिकला हे सहज जमतं. गंगापूर धरणाच्या काठावरच्या वाइनरी शहरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर आहेत, आणि डोंगराळ भाग त्यांच्या पलीकडे, इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला. बरेच जण उलटं करतात. सकाळी आरामात निघून आधी गंगापूर, तिथे अकराला टेस्टिंग, मग भर दुपारी त्र्यंबकचा चढ. ती फेरी बहुतेक वेळा टेम्पोत संपते.

मार्ग असा. सीबीएस (मध्यवर्ती बस स्थानक) किंवा मुंबई नाक्यावरून पाथर्डी फाटा, पांडवलेणी डावीकडे ठेवून विल्होळी, राजूर फाटा, वाडीवऱ्हे. एवढा भाग मुंबई-आग्रा महामार्गाचा, साधारण २२ ते २५ किलोमीटर. वाडीवऱ्ह्याला महामार्ग सोडून उजवीकडे, मुकणे धरणाच्या अंगाने सांजेगाव आणि तिथून कावनई. पुढे घोटी-त्र्यंबक रस्त्याला लागून वैतरणेच्या जलाशयाच्या परिसरातून पहिने, आणि पेगलवाडी फाट्यावर नाशिक-त्र्यंबक रस्ता. तिथून त्र्यंबकला जाऊन यायचं की नाही ते घड्याळ बघून ठरवा. थेट वळलात तर उजवीकडे अंजनेरी, तळेगाव, महिरावणी. सातपूर येण्याच्या अलीकडे डावीकडे वळून गोवर्धन-गंगापूरच्या रस्त्याला लागायचं. सुला, यॉर्क, सोमा या वाइनरी याच भागात आहेत. शेवटी गंगापूर रस्त्याने शहरात. एकूण १०० ते ११० किलोमीटर. गावरस्त्यांवर फाटे बरेच आहेत आणि पाट्या कमी, तेव्हा आदल्या रात्री नकाशावर स्वतः ट्रॅक काढून मोबाइलमध्ये ऑफलाइन ठेवा. डोंगराच्या कुशीत रेंज जाते.

ट्रॅक काढताना अंतराआधी एकूण चढाईचा आकडा बघा. शंभर किलोमीटरला ५०० मीटर असेल तर सपाट फेरी समजावी. १००० च्या जवळ गेला की डोंगराळ. नाशिक शहर ६०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि त्र्यंबक ७०० च्या वर. हा फरक किरकोळ दिसतो, पण मधला रस्ता सतत खालीवर होतो. या फेरीत कसाऱ्यासारखा एक लांबलचक घाट नाही. अर्ध्या किलोमीटरचे, एक-दीड किलोमीटरचे चढ एकामागून एक येतात आणि त्यांच्या मधे उतार इतका छोटा असतो की श्वास जागेवर येईपर्यंत पुढचा चढ सुरू होतो. दमवतात ते हेच, कारण प्रत्येक चढ ‘एवढासाच तर आहे’ म्हणून जोरात मारला जातो. पहिल्या तासात बोलता येईल एवढाच जोर लावा. वाक्य तुटायला लागलं की गिअर हलका करा.

गिअरचा हिशेब आकड्यांत मांडतो, कारण ‘माझ्या सायकलला २१ गिअर आहेत’ यावरून काहीच कळत नाही. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा. हायब्रिडला बहुधा पुढे २८ आणि मागे ३२ किंवा ३४ असतात. रोड बाइकला पुढे ३४, मागे २८. मिनिटाला पेडलचे ७० फेरे मारले तर २८-३४ वर वेग ताशी ७.३ किलोमीटर होतो, ३४-२८ वर १०.७. माणूस आणि सायकल मिळून ८७ किलो धरले, तर आठ टक्के चढावर पहिल्याला सुमारे १५० वॅट लागतात आणि दुसऱ्याला २२०. हौशी सायकलस्वाराला १५० वॅट बराच वेळ निभतात. २२० वर काही मिनिटांत मांड्या भरून येतात, फेरे ५० वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर पडतो. म्हणजे तुमच्या चौघांत या रस्त्यावर आधी थकण्याची शक्यता रोड बाइकवाल्याची आहे. त्याने मागची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) ११-३२ किंवा ११-३४ दातांची बसवून घ्यावी. मागच्या डिरेल्युअरला (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला) तेवढी मोठी चकती झेपते का हे दुकानात विचारून घ्यायचं. कॅसेट बदलली की चेनही लांब लागू शकते. हे काम आठवडाभर आधी करा आणि एका छोट्या फेरीत तपासा. आदल्या रात्री नवीन कॅसेट बसवली की दुसऱ्या दिवशी चढावर चेन दात सोडते.

सीटची उंची बघून घ्या. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच टेकवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात हलका बाक राहतो. भाड्याच्या किंवा घरातल्या दुसऱ्याच्या सायकलीवर सीट हमखास खाली असते. पन्नास किलोमीटरला ते चालून जातं, शंभरला गुडघ्याचा पुढचा भाग दुखायला लागतो.

टायरमधली हवा दुकानदार अंगठ्याने दाबून ठरवतो. ते इथे नको. ७०-७५ किलोच्या माणसाला ३२ मिमी टायरमध्ये मागे ६० ते ६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि पुढे ५५ पुरे. २८ मिमीला मागे ७५ ते ८०, पुढे ७०. ३८ मिमीला ४५ ते ५०. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही आणि त्या मर्यादेपर्यंत भरायचीही गरज नाही. गावरस्त्यावर बारीक खडी आणि मुरूम असतो. टायर दगडासारखा कडक असेल तर तो उसळत जातो, वेळ वाचत नाही आणि हात बधिर होतात. उलट हवा फार कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमला चिमटली जाते आणि तिला सापाच्या दंशासारखी दोन भोकं शेजारी शेजारी पडतात. अशी जोडभोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

पंक्चर या फेरीत होईलच असं धरून चला. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात, केसासारख्या. गावरस्त्यावर बाभळीचे काटे. प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), आणि गटात मिळून दोन पंप. ट्यूब बदलताना घाई नडते ती एकाच ठिकाणी: जुनी ट्यूब काढली, नवी घातली, हवा भरली, आणि दोन किलोमीटरवर पुन्हा बसली. कारण काटा टायरमध्येच होता. म्हणून जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक कुठे आहे ते बघा. ट्यूब व्हॉल्व्हच्या जागेवरून टायरशी जुळवून धरली की काटा टायरच्या कोणत्या भागात असेल ते कळतं. मग टायरच्या आतून बोट हळू फिरवा. तार बोटाला लागते पण डोळ्याला दिसत नाही. ती बाहेरून नखाने निघत नाही, चिमटाच लागतो. एक छोटा चिमटा पंक्चरच्या डबीत असू द्या. ठिगळ लावायची वेळ आली तर पॉलिशपेपरने ट्यूब घासा, सोल्युशन पातळ लावा आणि ते कोरडं, मळकट दिसेपर्यंत थांबा, साधारण पाच मिनिटं. ओल्या सोल्युशनवर लावलेलं ठिगळ सरकतं. टायरच चिरला असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून घरापर्यंत येता येतं; नसेल तर घडी घातलेली नोटसुद्धा चालते.

बाकी हत्यारांत ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन चाव्या, चेन टूल, तुमच्या चेनच्या मापाची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि दोन-चार केबल टाय. ब्रेक आदल्या आठवड्यात बघा. रिम ब्रेकच्या पॅडवरचे खाचे मिटले असतील किंवा डिस्क पॅडचा घासणारा थर एक मिलिमीटरवर आला असेल तर बदला. पॅडमध्ये अडकलेले ॲल्युमिनियमचे चमकदार कण टोकाने काढून टाका, ते रिम खातात. उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाच्या आधी जोरात दाबून वेग कमी करा आणि वळणात सोडा. वळणात मुरूम पसरलेला असतो, आणि मुरमावर पुढचा ब्रेक दाबला की चाक बाजूला निघून जातं.

आता वेळापत्रक. जानेवारीत नाशिकला सूर्य सातच्या पुढे उगवतो. सव्वासहाला निघायचं म्हणजे पाऊण तास अंधार आणि तोही महामार्गावर. पुढे ४०० लुमेनचा स्थिर दिवा, मागे लाल, आणि अंगात परावर्तक जाकीट; हे नसेल तर सव्वासातला निघा आणि त्र्यंबक गाळा. महामार्गावर जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे तोच घ्या आणि एका रांगेत चला. महामार्ग सोडताना दुभाजकातल्या फटीतून सायकल घालायची नाही. पुलाखालून जा, थोडं लांब पडलं तरी. ताशी १८ ते २० ने साडेसातच्या सुमारास वाडीवऱ्हे, साडेआठपर्यंत सांजेगाव-कावनईच्या पट्ट्यात. तिथे न्याहारी आणि बागा बघायला पाऊण तास. सव्वानऊला निघालात तर साडेअकराच्या आत पेगलवाडी फाटा. दीडच्या सुमारास गंगापूरची वाइनरी. जेवण, टेस्टिंग, आराम. साडेचारला निघून पाचच्या सुमारास घरी. फेब्रुवारीत दुपारी वारा बहुधा पश्चिमेकडून सुटतो, आणि त्र्यंबकहून नाशिककडचा रस्ता एकंदरीत उताराचा आहे. शेवटच्या टप्प्यात वारा पाठीशी आणि उतार पुढे, ही या दिशेची मोठी कमाई आहे.

सांजेगावच्या भागात ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोन या वाइनरी आहेत. सकाळी साडेआठला त्या उघडलेल्या नसतात आणि या फेरीत ते पथ्यावरच पडतं. बागा मात्र रस्त्यावरून नीट दिसतात. खाण्याच्या द्राक्षांच्या मांडवात घड डोक्यावर लोंबतात. वाइनच्या बागेत वेली तारांवर उभ्या चढवलेल्या असतात, घड कमरेच्या उंचीला आणि बारीक. शिराझ, कॅबरने, सोव्हिन्यों ब्लां, शेनें ब्लां, झिनफँडेल हे वाण इथे लावले जातात. मणी लहान, साल जाड, आत बिया, आणि साखर २२ ते २४ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) पोचली की तोडणी. नाशिकला वेल वर्षातून दोनदा छाटतात: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. फळ गोडी छाटणीनंतर चारेक महिन्यांनी येतं. म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरच्या मध्यात ‘द्राक्षबागांतून सायकलिंग’ करायला आलात तर काड्या नाहीतर नुसती पानं दिसतील. जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हाच काळ, आणि त्यातही फेब्रुवारी मध्यापर्यंत ऊन सोसवतं.

हा तोडणीचा हंगाम असल्यामुळे रस्त्यावर पिकअप आणि ट्रॅक्टर असतात. क्रेट भरलेला पिकअप चिंचोळ्या रस्त्यावर थांबू शकत नाही आणि थांबणारही नाही. त्याचा दिवस माल वेळेत पोचवण्यावर अवलंबून आहे. मागून आवाज आला की एका रांगेत या, कडेला घ्या, जाऊ द्या. दुसरी गोष्ट फवारणीची. बागेत ट्रॅक्टरला जोडलेला ब्लोअर फिरत असेल तर बोर्डो मिश्रण असो, भुरी रोगासाठी गंधक असो की आणखी काही, त्याचा तुषार वाऱ्याबरोबर रस्त्यावर येतो. चढावर तोंड उघडं ठेवून श्वास घेणाऱ्याला ते चांगलं नाही. वारा कुठून आहे ते बघून शंभर मीटर आधी थांबा, ब्लोअर पलीकडच्या ओळीत गेला की पटकन पुढे जा. बाटलीचं तोंड झाकलेलं असू द्या. याच कारणाने घड तोडून खाऊ नका. फवारणीनंतर तोडणीपर्यंत ठरावीक दिवस जावे लागतात, आणि तो हिशेब फक्त बागवानाला ठाऊक असतो. बागेत फोटोसाठी शिरायचं असेल तर विचारा. बहुतेक जण आनंदाने परवानगी देतात, कुठून आलात विचारतात, वेळ असेल तर स्वतः घड दाखवतात. तारेला सायकल टेकवू नका आणि ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका.

दिवस निवडताना तीन तारखा तपासा. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला संत निवृत्तिनाथ महाराजांची यात्रा भरते. ती जानेवारी-फेब्रुवारीतच येते आणि आधीचे काही दिवस दिंड्या पायी येत असतात. त्या काळात त्र्यंबक रस्ता वारकऱ्यांचा असतो. घंटी वाजवत त्यांच्यातून सायकली काढणं बरं दिसत नाही आणि सुरक्षितही नाही. आठवडा बदला. सोमवारी त्र्यंबकला गर्दी असते, तेव्हा तो टाळा. तिसरं, ड्राय डे: २६ जानेवारी, मतदानाचा दिवस वगैरे. त्या दिवशी टेस्टिंग बंद, म्हणजे फेरीचा अर्धा हेतूच गेला. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीची रस्त्यांची कामं नाशिक-त्र्यंबक पट्ट्यात निघत राहतात. आठवडाभर आधी स्थानिक सायकलवाल्यांकडून रस्त्याची खबर घ्या.

खाण्यापिण्याचं. पहिला नियम: तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या तासापासून. भूक लागल्यावर खाल्लेलं अर्ध्या तासाने कामाला येतं, तोवर चढ संपलेला असतो. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम, चार-पाच खजुरांत तेवढेच, गुळाच्या चिक्कीच्या छोट्या वडीत पंधरा-वीस. राजगिऱ्याचा लाडू उत्तम, पण घशाला कोरडा पडतो, पाण्याबरोबर खा. सकाळच्या न्याहारीला पोहे, उपमा, इडली. मिसळ नको. नाशिकमध्ये हे सांगणं अवघड आहे, तरी सांगायलाच हवं: तर्री, तेल आणि तिखट घेऊन पुढे झुकलेल्या अवस्थेत दोन तास चढ मारले की आंबट ढेकर आणि छातीत जळजळ ठरलेली. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी खा, अंग मोकळं झालेलं असतं.

पाणी थंडीत तासाला अर्धा लिटर, दहानंतर पाऊण लिटर. प्रत्येकाकडे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. ७५० मध्ये अख्खं ओतलं तर द्रावण जास्त घट्ट होतं आणि पोटात ढवळतं. तीन चतुर्थांशच घाला. कावनई सोडताना बाटल्या भरून घ्या, कारण तिथून पहिन्यापर्यंत टपरी उघडी असेलच असं नाही. लघवी गडद पिवळी असेल तर वाइनरीत पोचल्यावर आधी अर्धा-पाऊण लिटर पाणी, मग जेवण, मग वाइन.

कपडे थरांत. जानेवारीच्या पहाटे नाशिकला पारा दहाच्या खाली जातो आणि धरणाकाठी थंडी जास्तच बोचते. दहा वाजता त्याच रस्त्यावर घाम निघतो. काढून खिशात मावेल असं पातळ विंडचीटर आणि सुट्या बाह्या (आर्म वॉर्मर) पुरेशा आहेत. जाड स्वेटर दिवसभर पाठीवर वाहावा लागतो. पूर्ण बोटांचे हातमोजे मात्र हवेत. गार बोटांनी ब्रेक नीट लागत नाही.

वाइनरीत टेबलाची आणि टेस्टिंगची वेळ आधी नोंदवून ठेवा, विशेषतः शनिवार-रविवारी. मुंबई-पुण्याची गर्दी असते. दोन वाइनरी करायच्या असतील तर दोन्हीकडे पूर्ण टेस्टिंग घेऊ नका. एकीकडे फक्त वाइनरी फिरून बघा, टाक्या, प्रेस, पिंपं, दुसरीकडे चाखा. तोडणीच्या दिवसांत क्रशिंग (द्राक्षं चिरडणं) चालू असेल तर ते बघण्यासारखं असतं, थांबून बघा. टेस्टिंगच्या टेबलावर थुंकायचं भांडं मागायला लाजू नका. व्यावसायिक चाखणारे तेच करतात. पेला तिरपा धरून पांढऱ्या कागदावर रंग बघा, हलवून वास घ्या, छोटा घोट तोंडभर फिरवून पाच-सहा सेकंद ठेवा आणि भांड्यात टाका. चव, आंबटपणा, जिभेवरचा टॅनिनचा तुरटपणा हे सगळं तोंडातच कळतं. गिळल्याने जास्त काही समजत नाही. असं केलं तर पाच नमुन्यांनंतरही तुम्ही सायकल चालवायच्या अवस्थेत असता. क्रम हलक्यापासून जडाकडे: स्पार्कलिंग, सोव्हिन्यों ब्लां, शेनें, रोझे, मग शिराझ किंवा कॅबरने. घाम गाळून आल्यावर थंडगार शेनें फार झपाट्याने पोटात जाते, तिच्यातली गोडी अल्कोहोल लपवते. तिथे जपून.

ज्याला पेला भरून प्यायचा आहे त्याने सायकल तिथेच संपवावी. चार सायकली आडव्या टाकून, मधे जुनी चादर घालून, छोटा हत्ती टेम्पो शहरापर्यंत आरामात नेतो. सकाळीच ठरवून ठेवला तर दुपारी शोधाशोध होत नाही. माझं मत विचाराल तर चौघांच्या गटाने टेम्पोचाच पर्याय घ्यावा. पाच वाजता त्या रस्त्यावर वाइनरीतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची गर्दी असते. तुम्ही शुद्धीत असलात तरी समोरचा असेलच याची खात्री नाही.

बाटली घरी न्यायची असेल तर सायकलवर नको. भरलेल्या ७५० मिलीच्या बाटलीचं वजन सव्वा किलोच्या आसपास होतं. नेहमीच्या वाइनच्या बाटलीचा व्यास पाण्याच्या बाटलीइतकाच, साधारण साडेसात सेंटिमीटर असल्यामुळे ती सायकलवरच्या केजमध्ये (बाटली ठेवायच्या पकडीत) बसते, आणि म्हणूनच लोक तिला तिथे घालतात. पण काच लवचिक नसते. दहाव्या गतिरोधकाला ती वर उडते आणि पुढच्या चाकासमोर फुटते. स्पार्कलिंगची बाटली जाडी असल्याने बसतही नाही, आणि आतल्या दाबामुळे फुटली तर काचा दूरवर उडतात. पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवली तर पडल्यावर पाठीत घुसू शकते. टेम्पोत टाका, किंवा बिल करून तिथेच ठेवायला सांगा आणि दुसऱ्या दिवशी गाडीने आणा.

गट एकत्र ठेवायचा असेल तर सगळ्यात दमदार माणूस शेवटी चालवा. त्याच्याकडे पंप, हत्यारं आणि प्रथमोपचाराची पिशवी. प्रत्येक चढाच्या माथ्यावर थांबून सगळे आले का बघा; चढावर मधेच थांबवून वाट बघायला लावलं की पुन्हा सुरुवात करणं जड जातं. कोणी गप्प झालं, खायला नको म्हणू लागलं किंवा सरळ रस्त्यावर हलायला लागलं तर त्याची साखर उतरली आहे. त्याला पंधरा मिनिटं बसवा, केळं आणि गूळ द्या, मग हळू निघा.

फेरी अर्धवट सोडायच्या जागा आधीच ठरवा. कावनईपर्यंत पोचेस्तोवर साडेनऊ वाजले असतील किंवा कुणाचा गुडघा दुखत असेल, तर त्र्यंबकच्या दिशेला जाऊच नका. घोटीकडे उतरा, तिथे महामार्गावर गाडी मिळते. पेगलवाडीला साडेबारा वाजले असतील तर त्र्यंबक आणि पहिली वाइनरी गाळून थेट दुसरीला जा. आणि चौघांपैकी एकालाही साठ किलोमीटरच्या पुढे कधी सायकल चालवायची सवय नसेल तर पहिल्यांदा छोटी फेरी घ्या: गंगापूर रस्त्याने गिरणारे, तिथून धोंडेगाव-कश्यपी धरणाच्या बाजूला जाऊन त्याच वाटेने परत, आणि येताना गंगापूरची वाइनरी. पन्नासेक किलोमीटर होतात, चढ पुरेसे आहेत, दोन्ही बाजूंना द्राक्ष आणि टोमॅटोची शेतं, महामार्ग नाही. ती दोनच्या आत सहज संपली तर पुढच्या पंधरवड्यात मोठी करा. फेब्रुवारी संपायच्या आत मात्र, कारण मार्चमध्ये पहिन्याच्या चढावर अकरा वाजताच डांबर तापलेलं असतं.